बाईचा अर्धा दिवस

आमच्या हिनातासावात लावणीच्या सावडीचा, म्हणजे एकमेकांकडे राबलेल्या दिवसांचा, हिशेब कुराता मालकांच्या ओटीवर व्हायचा. दिवस कलला की सगळे ओढ्यात पाय धुऊन अंगणात उभे राहायचे आणि मात्सुगोरो बोरूच्या काड्यांची पेंढी घेऊन बसायचा. पुरुषाच्या दिवसाला अख्खी काडी. बाईचं नाव आलं की तो काडी दोन्ही हातांत धरायचा, कट्‌कन मोडायचा, अर्धी त्या घराच्या जुडीत खोवायचा आणि उरलेल्या अर्धीनं कान कोरायचा.

युद्ध चाललं होतं तोवर काड्या कुणी मोडल्या नव्हत्या. गावात पुरुष म्हणजे दात पडलेले म्हातारे आणि शाळेतली पोरं. चिखलणीला घोडा धरला तो बायकांनी. माझ्या सासूबाई, किवा, यांनी तर फळीवर उभं राहून खाचरं सपाट केली, तेही थोरल्या मुलाच्या मरणाची बातमी आली त्याच आठवड्यात. एकीनं दुसरीकडे दिवस भरायचा, दुसरीनं तो फेडायचा. एकाला एक. अर्धं कुणाचं करायचं?

मग पुरुष परत आले आणि काड्या मोडायला सुरुवात झाली.

माझा नवरा शिगेझो उशिरा आला, सैबेरियातल्या कैदेतून, बर्फ पडायला लागल्यावर. उजव्या पायाची बोटं तिकडेच राहिली होती. आमचा घोडा फौजेनं नेला तो परत आलाच नाही. तेव्हा आमच्या खाचराची चिखलणी मात्सुगोरोनं घोडा घेऊन करायची आणि ती मी लावणीत फेडायची. त्याच्या एका दिवसाला माझे दोन. म्हणजे सगळ्या गावाची लावणी उरके तोवर मी दुसऱ्यांच्या चिखलात, आणि आमचं खाचर सगळ्यात शेवटी. उशिरा लावलेल्या भाताला थंडीच्या आत दाणा भरत नाही. आमच्या डोंगरात थंडी लवकर येते.

त्या वर्षी त्यात आणखी एक गोष्ट होती. खाचर आमचं झालं होतं. सासऱ्यांनी जन्मभर कुरातांचं कूळ म्हणून जे कसलं, ते वसंतात जमीन समितीनं आमच्या नावे केलं. सासरे ते बघायला राहिले नव्हते. समितीची अट एकच होती: जो कसेल त्याची जमीन. यंदा लावणी झाली नाही तर कसत नाहीत म्हणून ती दुसऱ्या कुणाला जाणार. समितीत कुराता मालक होतेच. आता त्यांना मालक म्हणायचं नाही असं तालुक्याचा माणूस सांगून गेला होता. त्याला निरोप देताना सगळे वाकून म्हणाले, "मालकांच्या लक्षात आणून देतो."

एप्रिलात आम्ही मत द्यायला शाळेत गेलो होतो. चिठ्ठीवर नाव हातानं लिहायचं होतं आणि मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. शेजारच्या इनेनं, म्हणजे मात्सुगोरोच्या बायकोनं, चुलीतल्या राखेत उमेदवाराचं नाव काढून मला गिरवायला लावलं होतं. सासूबाईंनी मयताला नेसायचा काळा किमोनो नेसला. घरी येताना शिगेझोनं विचारलं, "आई, कुणाला दिलंत?"

"तुला कशाला सांगू? तुझ्या बापालासुद्धा सांगितलं नसतं. तो मेला म्हणून वाचला."

नंतर एकदा ओढ्यावर मुळे धुताना मी इनेला विचारलं, "इने, मतं मोजताना बायकांची अर्धी मोजली का गं?"

"वेडी का तू? पेटीत सगळ्या चिठ्ठ्या सारख्या. कोणती बाईची, कोणती पुरुषाची, कळतं कुणाला?"

"मग लावलेल्या रोपावर कळतं?"

इनेचा हात पाण्यात थांबला. मुळा वाहत गेला, तो तिनं पळत जाऊन पकडला आणि हसत सुटली. पण संध्याकाळी तीच चार दारं फिरून आली. लावणीच्या आधीची सभा जवळ आली होती. त्या दिवशी सभाघराच्या स्वयंपाकघरात आम्ही सगळ्या चहाला असणार होतो. तेव्हा बोलायचं ठरलं. इने बोलणार, बाकीच्यांनी दारात येऊन उभं राहायचं.

आमच्याकडे सभेत हात वर करत नाहीत. मालक विचारतात, "सगळ्यांची संमती?" कुणी काही बोललं नाही की संमती. आणि एकानं जरी 'नाही' म्हटलं तर सभा उठत नाही. तो 'हो' म्हणेपर्यंत सगळे बसून राहतात. आमच्या पूर्वजांपासून असंच. त्यामुळे कुणी 'नाही' म्हणतच नाही. सगळ्यांची कामं खोळंबतील याची लाज वाटते.

मालक म्हणाले, "लावणी वरच्या खाचरापासून. सावड नेहमीसारखी. सगळ्यांची संमती?"

मी इनेकडे पाहिलं. ती दारात उभी होती, तोंड उघडं, पण आवाज नाही. मात्सुगोरो नेमका समोर बसला होता. माझ्या हातात किटली होती. मालकांच्या पेल्यात मी चहा ओतत होते.

"मालक, एक विचारू का?"

चटयांवरची सगळी डोकी वळली. चहा पेल्याच्या बाहेर गेला, मालकांच्या गुडघ्यावर.

"मत देताना बाईचं मत एक मोजतात. मग सावडीत बाईचा दिवस अर्धा कसा?"

कुणी खोकलं. मग मात्सुगोरो म्हणाला, "शिगेझो, बायकोनं मतदान केल्यापासून घरात कुणाचं राज्य आहे रे?" आणि सगळे हसले. शिगेझोही हसला. मालकांनी गुडघा पुसला आणि म्हणाले, "पोरी, चहा छान झालाय. जरा कमी सांडत जा." परत हशा. मी मागे वळून पाहिलं तर दार रिकामं होतं. सगळ्या चुलीपाशी बसल्या होत्या, विस्तवाकडे बघत.

पण दुसऱ्या सकाळी मालकांच्या वरच्या खाचराच्या बांधावर काय झालं ते आजही मला नीट कळलेलं नाही. रोपांच्या मुठी पाण्यात टाकून झाल्या होत्या. तळ्याचं पाणी सुटायच्या आधी ओढ्यावर भिजायचं ते हे एकच खाचर. वितळलेल्या बर्फाचं पाणी, इतकं थंड की पाय घातला की हाड दुखायचं. आम्ही ओळीनं बांधावर उभ्या राहिलो, किमोनोचे सोगे खोचून, हातात मूठ घेऊन. नेहमी कुणीतरी पहिली उतरते आणि मागून सगळ्या. त्या दिवशी पहिली कुणी उतरलीच नाही.

कुणी काही ठरवलं नव्हतं. मी इनेकडे पाहिलं, इनेनं माझ्याकडे. तिच्या हनुवटीवर शेवाळाचा ठिपका होता. आम्ही उभ्याच.

"बगळे बसलेत बांधावर," मात्सुगोरो घोड्याजवळून ओरडला. "मासे नाहीत ग त्यात!"

ऊन चढलं. मुठींची पानं गुंडाळायला लागली. मालक रस्त्यावर येऊन उभे राहिले, काही न बोलता, हात बाहीत घालून. ते बोलले नाहीत म्हणूनच पुरुष घाबरले. एकेकजण बांधापाशी येऊन आपल्या बायकोला हाक मारू लागला. हाक आली की ती उतरायची, मान खाली घालून. मात्सुगोरो आला, या वेळी हसत नव्हता.

"इने. घरी चल, मग सांगतो."

इने उतरली. पाणी तिच्या पोटरीला लागलं तेव्हा तिनं श्वास आत घेतला तो मला ऐकू आला.

शेवटी बांधावर मी एकटी. मी शूर वगैरे नव्हते. माझे पायच हलेनात. शिगेझो रस्त्यावर उभा होता, त्यानं हाक मारली नाही. तो चिखलाकडे बघत होता. रोपं उपटायच्या वाफ्यातून सासूबाई कमरेवर हात ठेवून वर आल्या.

"उतर. नाटकं पुरे झाली."

"आई, तुम्हीच तर घोडा धरलात."

"धरला. मग? आता काय माझी पाठ थोपटायला तू बांधावर उभी आहेस? उतर म्हणते ना."

मी उतरले नाही. दुपारी घरी चालत गेले, पाय कोरडे. लग्न होऊन आल्यापासून लावणीच्या दिवसात कोरड्या पायानं घरी गेले ती पहिलीच वेळ.

त्या संध्याकाळी गावाची सभा बोलावली. शिगेझो गेला. सासूबाई चुलीपाशी बांबूचे कोंब सोलत होत्या. कोंब फार कडू होते त्या वर्षी, दोन पाण्यात उकळावे लागत. शिगेझो परत आला तेव्हा पाणी उकळत होतं. त्यानं दारात वहाणा काढल्या, सरळ लावल्या, मग परत एकदा सरळ लावल्या.

"ठरलं," तो म्हणाला.

"काय ठरलं?" सासूबाईंनी विचारलं.

"आपल्याला वाळीत टाकायचं. आग आणि मयत सोडून कुणी यायचं नाही. घोडा नाही, सावड नाही, पाणी सगळ्यांचं झाल्यावर."

सासूबाईंच्या हातातली सुरी थांबली. "कुणी टाकलं?"

"गावानं."

"कोण कोण बोललं?"

"कुणीच बोललं नाही. मालकांनी विचारलं, सगळ्यांची संमती? कुणी काही बोललं नाही."

"आणि तू?"

शिगेझो पुन्हा वहाणांकडे वाकला.

"शिगे, तू कुठं बसला होतास?"

"आपल्या जागेवर. खांबापाशी."

"आणि मालकांनी विचारलं तेव्हा?"

"आई, सगळेच गप्प होते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो खरंच सांगत होता. आपल्याच घराला वाळीत टाकायला तो हो म्हणून आला होता, कारण सगळे हो म्हणत होते आणि सभा त्याच्यासाठी खोळंबावी असं त्याला वाटलं नाही. चुलीवरचं पाणी उतू गेलं आणि राख उडाली, तरी आम्ही तिघंही हललो नाही.

सासूबाईंनी सोललेला कोंब उचलला आणि मुलाच्या तोंडावर मारला. त्याच्या गालाला कोंबाचं ओलं चिकटलं. त्यानं पुसलं नाही.

"तिकडे," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तिकडे जो 'नाही' म्हणायचा, तो सकाळी रांगेत नसायचा."

"हे तिकडे नाही!" सासूबाई ओरडल्या. "हे माझं घर आहे!" मग त्यांचा आवाजच बसला. त्या खाली वाकून सांडलेली राख हातानं गोळा करायला लागल्या, गरम राख, आणि मी त्यांचे हात धरेपर्यंत थांबल्या नाहीत.

वाळीत पडणं म्हणजे कुणी दगड मारत नाही. विहिरीवर मी गेले की बायका बादल्या अर्ध्याच भरून निघून जायच्या. पोरं वाटेत दिसली की त्यांना घरात ओढून घ्यायचे. "आज गारठा आहे," असं मी म्हटलं तर ते शब्द हवेत लोंबकळत राहायचे. इनेच्या आणि आमच्या परड्यात एक कुंपण, ती मला दिसायची, मी तिला दिसायची, आणि ती धुणं वाळत घालायची तेव्हा माझ्याकडे पाठ करायची. तिच्या डाव्या डोळ्याखाली निळं झालं होतं.

शिगेझोनं तीन दातांचा कुदळा घेतला आणि खाचर खणायला लागला. बोटं नसलेला पाय चिखलात रुतत नाही, घसरतो. तो पडायचा, उठायचा. मी त्याच्या बाजूला खणत होते. पाणी नव्हतं, नुसती ओलसर माती. वाफ्यात आमची रोपं उंच झाली होती, टोकं पिवळी पडायला लागली होती. आणखी थोडे दिवस, मग ती गुडघ्याएवढी होऊन लावायच्या कामाची राहणार नाहीत. आणि मग खाचर पडीक, आणि मग समिती.

एका जेवणाला सासूबाई म्हणाल्या, "आग लागली तर येतील म्हणे. घर पेटवू का?"

शिगेझो दचकला.

"नाही तर मी मरते. मयताला सगळे येतील. मयत उचलायच्या आधी म्हणावं, जरा खाचर लावून जा." त्या मुळ्याचं लोणचं कडाकडा चावत होत्या. मी हसले. मग हसताना मला रडू आलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या भातात बार्लीच जास्त होती, मला त्यांनी भात जास्त वाढला होता. त्याआधी असं कधी झालं नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून उरलंसुरलं माझं.

"आज पाण्याची सभा आहे ना?" त्यांनी मुलाला विचारलं.

"हो. तळ्याचं पाणी सोडायची. आपल्याला बोलावणं नाही."

"तळ्यात आपला वाटा आहे का नाही?"

"आहे, पण आपण वाळीत…"

"वाळीत घर टाकलं. तळं टाकलं का?"

त्यांनी काळा किमोनो काढून नेसला. मयताचा नि मतदानाचा. मला म्हणाल्या, "चल. मला चढ चढवत नाही." खोटं बोलत होत्या. त्या चढावर मलाच त्यांना गाठता येत नव्हतं.

सभाघरात सगळी घरं बसली होती. सासूबाई आत गेल्या आणि आमच्या जागी, खांबापाशी, गुडघे मोडून बसल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले. आत इने चहा करत होती. ती माझ्याशी बोलली नाही, पण तिनं बसायचा पाट पायानं माझ्याकडे सरकवला.

"किवा-आजी," मालक म्हणाले, "तुमचं घर वाळीत आहे."

"असू दे. मी पाण्याला आले."

"घराच्या कर्त्यानं यायचं असतं."

"कर्ता? गेल्या महिन्यात देवळापुढं उभं राहून नवा कायदा वाचून कुणी दाखवला? तूच ना? आता घरात कर्ता म्हणून कुणी नाही, सगळे सारखे. मी कान साफ करून ऐकलं होतं. मात्सुगोरोच्या काडीनं नाही, माझ्या बोटानं."

कुणीतरी फिस्‌कन हसलं आणि गप्प झालं. मालकांना आजवर कुणी तू म्हटलं नव्हतं. त्यांचे कान तांबडे झाले.

"आजी, मी गावाचा प्रमुख आहे."

"हो. आणि मी दहा वर्षांची असताना तुला पाठीशी बांधून हिंडवलं. माझ्या पाठीवर किती वेळा मुतलास ते सांगू का?"

मालकांनी कागद सरळ केले. मोठ्यानं म्हणाले, "उद्या तळ्याचं पाणी सोडायचं. वरच्या खाचरापासून. वाळीतलं घर शेवटी. सगळ्यांची संमती?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

तो शब्द त्या खोलीत मी पहिल्यांदाच ऐकला. आजूबाजूच्या म्हाताऱ्यांनीही बहुधा पहिल्यांदाच. मात्सुगोरोचा पेला हातात तसाच राहिला. मालक हसले, मग हसू विरलं.

"म्हणजे काय, आजी?"

"म्हणजे नाही."

"मग काय पाहिजे तुम्हाला?"

"घर वाळीतून काढा. आणि बाईचा दिवस अख्खा मोजा."

"हे होणार नाही."

"मग बसू." त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

आणि सगळे बसले. उठता येईना. सभा उठली नाही तर पाणी नाही, पाणी नाही तर चिखलणी नाही. आपापल्या वाफ्यात प्रत्येकाची रोपं पिवळी पडत होती. कुणी समजावलं, कुणी दटावलं. एक म्हातारा म्हणाला, "किवा, तुझा नवरा असता तर तुला हे करू दिलं असतं?" सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "तो असता तर मी त्याला आधी अख्खा दिवस लावणीला वाकायला लावलं असतं."

जेवायची वेळ टळली. मात्सुगोरो दारात आला. "इने, भात?"

"भात नाही," इने म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"तांदूळ भिजत घातलेच नाहीत." ती त्याच्याकडे न बघता चुलीतली लाकडं एकेक करून मागे ओढत होती. दुसरी एकजण उठली आणि किटलीतला चहा बाहेर नालीत ओतून आली. तिसरीनं दारातली पाण्याची घागर पालथी घातली. मात्सुगोरो बायकोच्या निळ्या डोळ्याकडे बघत उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जणू त्याला त्या डोळ्याचा आज पहिल्यांदा पत्ता लागला होता. मग तो आत जाऊन बसला.

ऊन भिंतीवरून सरकत गेलं. सासूबाईंचे पाय त्यांच्याखाली निळे पडले असतील. त्या हलल्या नाहीत. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून मानेत जात होता. मला आत जाऊन त्यांना टेकू द्यावासा वाटत होता, पण माझे पाय बांधावर हलले नव्हते तसेच आताही हलेनात.

शेवटी मालक शेजारच्या दोघा-तिघांशी कुजबुजले आणि घसा साफ केला.

"किवा-आजी, गाव तुमचा मान ठेवतं. घर वाळीतून काढू. बाईचा दिवस अख्खा मोजू." ते थांबले. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, पाठीवर बांधलेल्या पोरासारखं नाही. "पण साठीच्या वरच्या बायकांचा दिवस मोजायचा नाही. अख्खाही नाही, अर्धाही नाही. त्या येतात, थोडं वाकतात, जेवून जातात. त्यांच्या जेवणाचा हिशेब आम्ही धरत नाही, त्यांनी दिवसाचा धरू नये. सगळ्यांची संमती?"

गावात साठीच्या वर तिघी होत्या. एक आंधळी, एक अंथरुणाला खिळलेली. हा दगड कुणासाठी होता ते सगळ्यांना कळलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, नाही म्हणा!"

सासूबाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही, उघड्या खिडकीतून खाली वाफ्यांकडे पाहिलं. पिवळी टोकं तिथूनही दिसत होती.

"हो," त्या म्हणाल्या.

त्यांना उठता येईना. पाय मेले होते. दोघांनी काखेत हात घालून उचललं, तेव्हा त्या मालकांना म्हणाल्या, "तेव्हासुद्धा तू असाच होतास. मुतायचास आणि हसायचास."

दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं. लावणी मालकांच्या उरलेल्या वरच्या खाचरात लागली, आणि त्यानंतर लगेच आमचं खाचर. सकाळी मी वाटेला लागले तर मागे सासूबाई, डोक्यावर गवताची टोपी, पायांना चिंध्या गुंडाळलेल्या.

"आई, तुम्ही कशाला? तुमचा दिवस कुणी मोजणार नाही."

"ऐकलं मी. बहिरी नाही."

त्या माझ्या उजवीकडे पाण्यात उतरल्या, डावीकडे इने. सगळ्या वाकलो. सासूबाईंचा हात मी आधी कधी नीट पाहिला नव्हता. मुठीतून दोन-तीन काड्या अंगठ्यानं सुटायच्या आणि चिखलात जायच्या, पाण्यावर थेंबाचाही आवाज नाही. त्यांची रांग आमच्या पुढे निघून गेली. मात्सुगोरो बांधावरून बघत होता. मालकही. दुपारी पोटऱ्यांना लागलेल्या जळवा काढताना त्यांच्या पायातून रक्त थांबेना. त्यांनी चिखल लावला आणि परत उतरल्या. इनेनं एकदा मान वर केली आणि म्हणाली, "आजी, जरा बसा."

"बसायला काल दिवसभर मिळालं."

संध्याकाळी मालकांच्या अंगणात मात्सुगोरो नावं घ्यायला लागला. "तोसे, एक." त्यानं माझी काडी अख्खी खोवली. "इने, एक." त्याचा हात काडीवर थांबला. ओळीत पुढं सासूबाई होत्या, ओले पाय, गाल चिखलानं माखलेला. मात्सुगोरोनं मालकांकडे पाहिलं. मालकांनी आकाशाकडे पाहिलं.

मात्सुगोरोनं पुढच्या घराचं नाव घेतलं.

मला वाटलं आता काहीतरी होईल. कुणीतरी ओरडेल. आम्ही सगळ्या तिथंच होतो, ज्यांनी बांधावर उभं राहून दाखवलं, ज्यांनी चूल विझवली. कुणी ओरडलं नाही. मीही नाही. सगळ्यांची संमती झाली होती.

परतताना सासूबाईंना पाठ सरळ करता येईना. त्या लावणीत वाकल्या होत्या तशाच वाकून चालत होत्या, नजर वाटेवरच्या मातीत. शिगेझो पुढे येऊन त्यांच्यासमोर पाठ करून बसला. "आई, पाठीवर या."

"तुझ्या? नको रे बाबा. वाटेत चार माणसं 'टाक' म्हणाली तर टाकशील."

तो तसाच बसून राहिला. सासूबाई त्याला वळसा घालून पुढे गेल्या. मी त्यांच्या बाजूला चालत होते.

"आई, तुम्ही हो का म्हणालात?"

"रोपं पिवळी पडत होती. दिसत नव्हतं तुला?"

"पण तुमचा दिवस…"

"माझा कसला दिवस?" त्या थांबल्या, गुडघ्यावर हात टेकून, तोंड जमिनीकडेच. "मी आपली पाय मोकळे करायला आले होते."

मागे शिगेझो अजून वाटेवर तसाच बसला होता, पाठ पुढे करून.